सत्तावीस डब्या

आसगाव, ता. पवनी
दि. ५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय शालू,

तुझे पार्सल परवा मंगळवारी मिळाले. पोस्टमनने सही घेतली आणि मी देवघरासमोर बसून उघडले. आत निघाले ते असे. जांभळ्या काठाची सुती साडी एक, तिच्यावरची सातशे ऐंशीची चिठ्ठी तू काढायची विसरलीस. चारोळी पाव किलो, आमच्या दुकानात ती चारशेच्या खाली येत नाही. बोरकुटाचा डबा एक, तो घरचा, त्याला भाव लावता येत नाही. आणि टपालाचे एकशे बारा. एकूण एक हजार दोनशे ब्याण्णव रुपये तू माझ्यावर खर्च केलेस. वर तुझी ती चार ओळींची चिठ्ठी, "लॉकडाउनमध्ये माझ्या आईला तू उपाशी झोपू दिले नाहीस, ती शेवटपर्यंत तुझे नाव काढत होती, हे तिच्या वर्षश्राद्धाचे समज." ती चिठ्ठी वाचून माझ्या हातून समईत तेल जास्त पडले. साडीची घडी मी मोडलेली नाही.

फोन करता आला असता. दोनदा लावला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. फोनवर मी मजेत हो, तू कशी हो, एवढे बोलून मोकळी झाले असते, मला माहीत आहे. लिहिताना मला खोटे जमत नाही. मॅट्रिकपर्यंत शिकले त्यातले एवढेच उरले आहे, की जे लिहायचे ते बरोबर लिहायचे.

इकडचे सगळे ठीक. आमचा अमर नागपूरला नोकरीला लागला, महिन्याला घरी पैसे पाठवतो, पण जेवतो काय ते सांगत नाही. धान यंदा बरे झाले, तुडतुडा आला तो उशिरा आला. तुझ्या चिखल्याला थंडी कशी आहे? खाणीच्या वसाहतीत पाणी एक दिवसाआड येते म्हणत होतीस, ते सुधारले का?

तुला आठवते, शाळेच्या दिवसांत नाला फुगला की मी घरी न जाता आसगावात तुमच्याकडेच राहायची. आमच्या घरी मासे चालत नसत म्हणून तुझ्या आईने माझ्यासाठी वेगळे गंज घेतले होते, त्यात दुसरे काही शिजवायची नाही. तुझे बाबा चिडवायचे, "ढिवराच्या घरी बामनीन आली वो, आता बोडीतल्या मासोळ्यायलेही उपास धरा लागन." आणि तुझी आई म्हणायची, "तुमी चूप बसा जी, लेकरू जेवून राहिलं." पुढे मी लग्न होऊन आसगावातच आले, तू चिखल्याला गेलीस. जाताना तू माझा हात धरून म्हणाली होतीस, मायकडे पाहात जा. मी हो म्हटले होते.

आता लॉकडाउनचे सांगते. सगळे बंद झाले पण किराणा चालू. सकाळी आठ ते बारा. हे, तुझे गोपीचंदभाऊ, दुकानापुढे चुन्याचे गोल काढून बसायचे, गोलात उभे राहा, गोलात उभे राहा. तेल पंधरा रुपयांनी चढवले, मीठ पाच रुपयांनी, कांदा तर विचारू नकोस. मी म्हटले, अहो लोक काय म्हणतील. तर म्हणाले, "आपण कोनाच्या घरी जाऊन राहिलो का वो? ते येऊन राहिले, आपण देऊन राहिलो. पवनीहून माल आनाले पोलिसायचे दंडे कोन खाते, मी का तू?" ते खरेही होते. एकदा पाठीवर वळ घेऊन आले होते. मी तेल लावून दिले आणि भावाचा विषय सोडला. त्या दोन महिन्यांत आम्ही जेवढे कमावले तेवढे त्याआधी दोन वर्षांत कमावले नव्हते. गाव बसून होते आणि आमचे दुकान धावत होते.

पण तेल-मिठाचे पाप मी यांच्या नावावर ढकलू शकते. गुडाखूचे नाही. ते माझे.

बंदी लागायच्या आदल्या आठवड्यात एका ठोकवाल्या व्यापाऱ्याने यांच्या गळ्यात गुडाखूच्या, दाताला घासायच्या त्या तंबाखूच्या, दोन पेट्या मारल्या होत्या, एकेकीत दोनशे डब्या. मग तंबाखूवर बंदी आली. समोरून विकणे शक्य नव्हते. आणि गुडाखू घासणाऱ्या बहुतेक बाया, त्या यांच्यापुढे यायला लाजायच्या. म्हणून त्या पेट्या माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि मागचे दार माझ्याकडे आले. दहाची डबी पहिल्या आठवड्यात वीसला दिली. मग चाळीस. रामनवमीनंतर साठ. भाव यांनी नाही ठरवला, मी ठरवला. एक बाई साठला हो म्हणाली, मग दुसरीला कमी काहून सांगायचे? मनाला लागू नये म्हणून प्रत्येक डबीमागे पाच रुपये मी देवाचे वेगळे काढत होते. चारशे डब्यांचे दोन हजार झाले. त्यातून मारुतीच्या देवळात पितळेची घंटा दिली, एक हजार नऊशे पन्नासची, उरलेल्या पन्नासात नारळ आणि प्रसाद. घंटेवर माझे नाव आहे. लोक वाजवतात आणि मी मान खाली घालते, त्यांना वाटते नम्र आहे.

शालू, तुझे बाबा तोंडाच्या दुखण्याने गेले तेव्हा तू आईकडून शपथ घेतली होतीस की गुडाखूला बोट लावणार नाही. तुला वाटते तिने सोडली. तिने सोडली नव्हती. तुझा भाऊ जागेश्वर आणि भावजय रंजू, दोघांपासून लपवून ती माझ्याकडूनच न्यायची, दहा रुपये ठेवायची आणि पदरात बांधायची. हे मी तुला कधी सांगितले नाही, कारण म्हातारीला एवढे एकच सुख होते.

लॉकडाउनमध्ये बाजार बंद, मासोळी कोण घेणार. जागेश्वरचे जाळे खुंटीला. राशनचा तांदूळ मिळत होता, म्हणून उपाशी कोणी नव्हते, पण हातात पैसा नव्हता. तुझी आई दर दोन दिवसांनी मागच्या दारी यायची. पहिल्यांदा साठ ऐकून हसली. म्हणाली, "चंद्रे, तू देवाधर्माची बाई अन् मांगच्या दारानं गुडाखू इकून राहिली? मंग तुया मारोतीलेही एक डबी दे वो, उभ्या उभ्या दात आंबले असन त्याचे." मीही हसले. आणि डबी दिली आणि साठ लिहिले. तिच्या नावाचे पान केले. सत्तावीस डब्यांचे सोळाशे वीस. तेल-तिखटाचे दोनशे तीस. उधार आम्ही कोणाला देत नव्हतो तेव्हा, पण तुझी आई म्हणून दिले, आणि मला वाटत होते की मी तुझा शब्द पाळते आहे.

मे महिन्याच्या शेवटी यांनी पान पाहिले आणि म्हणाले, हे कोण फेडणार. मी तिला सांगितले. ओरडून नाही, गोडच सांगितले. ती ओट्यावर बसली. मग हातातले चांदीचे गोट पुढे केले. म्हणाली, "हे ठेव. धान निघालं का सोडवून नेईन." ते गोट तिच्या लग्नापासून हातात होते, निघेनात. मनगट लाल झाले. शालू, साबण मी आणला. तिचा हात माझ्या हातात धरून मी साबण लावला आणि एकेक गोट फिरवत काढला. ती म्हणत होती, "हळू वो, हळू." आणि संध्याकाळी मी पान पूर्ण केले तेव्हा साबणाची वडीही तिच्याच नावावर लिहिली. दहा रुपये. एकूण अठराशे साठ. गोट सोळा तोळ्यांचे होते, त्या दिवसांतही सात हजारांच्या घरातले.

जाताना ती मला मारुतीची शपथ घालून गेली. "शालूले नको सांगजो. ते म्हनन, मायनं माया वाट्याचे गोट दाताले घासून टाकले." घरी तिने रंजूला सांगितले की हात सुजले म्हणून काढून पेटीत ठेवले. धान निघाले, पण सोडवायला ती आली नाही. त्या वर्षी जागेश्वरच्या पायाचे ऑपरेशन झाले. मी विचारले नाही. पुढेही नाही. डबीचा भाव मात्र साठाचा पुन्हा दहा झाला होता, आणि ती अधूनमधून येऊन रोखीने डबी नेत होती. गोटांचे नाव तिनेही काढले नाही आणि मीही नाही.

मग गेल्या वर्षी ती गेली. तेरवीला तू पेटी उघडलीस. मी तिथेच होते, पुऱ्यांची टोपली घेऊन दारात. पेटी रिकामी पाहून तू रंजूकडे वळलीस. रंजू म्हणाली, "माया लेकरायची आन घेतो ताई, म्या पाह्यलेही नाही." आणि तू सगळ्या भावकीसमोर म्हणालीस, "आन घेनाऱ्याच्याच घरात वस्तू सापडते." रंजूने इकडेतिकडे पाहिले, तिची नजर माझ्यावरूनही गेली. मी टोपली घेऊन आत गेले. पुऱ्या वाढल्या. तुझ्याही पानात वाढल्या. गोट तेव्हा माझ्या कपाटात, हळदीकुंकवाच्या ब्लाउजपीसखाली होते. अजून तिथेच आहेत. चांदी चढली म्हणून हे महिनाभर म्हणून राहिले की आता विकून टाकू. आजच्या भावाने किती येतील ते मला ठाऊक आहे, पण या पत्रात तो आकडा लिहायला हात धजत नाही.

तेव्हापासून गावात रंजूला कोणी हळदीकुंकवाला मनापासून बोलावत नाही. बायका बोलतात, पण तिच्यासमोर पेटी उघडी ठेवत नाहीत. सोमवारी ती दुकानात आली होती, तिच्या रक्षाच्या लग्नाचा किराणा लिहून घेऊन. मला म्हणाली, "भाभी, पत्रिकेत ताईचं नाव मोठ्या अक्षरात टाकलं. हळदीले आत्याचा मान पयला. पन ताई येनार नाही. चोरनीच्या घरचं पानीबी पीत नाही म्हनते." आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "भाभी, तुमी तरी मानता न मी नाही घेतले?" मी साखर तोलत होते. मी म्हटले, मानते. एवढेच म्हटले. दुसऱ्या दिवशी तुझे पार्सल आले.

म्हणून हे पत्र. हे टपालात टाकले की मी रंजूकडे जाणार आहे आणि गोट तिच्या हातात देऊन, सत्तावीस डब्यांसकट, सगळे खरे सांगणार आहे. त्यासाठी तुझी परवानगी मागत नाही. यांनाही विचारणार नाही, नंतर सांगेन. मला माफ कर असेही म्हणत नाही, तो अधिकार आधी रंजूचा. पण जिथे तिच्यावर आळ आला तिथेच तो उतरायला हवा, म्हणून हळदीच्या मांडवात, भावकीसमोर, मला उभे राहून बोलावे लागेल. तिथे माझा पाय अडतो. तुझ्या आईची शपथ हे पत्र लिहून तुझ्यापुरती मी मोडलीच, पण गावासमोर मोडू का हे विचारायला आज ती नाही. गुडाखू म्हटले तर ती मेल्यावर तिची लाज जाते, तुला दिलेला शब्द मोडल्याचे गावाला कळते. तांदूळ म्हटले, की म्हातारीचे गोट मी मूठभर तांदळासाठी काढून घेतले, तर तिची लाज राहते आणि लोक मला थुंकतील. मला ते चालेल. पण ते खोटे आहे, आणि मारुतीसमोर खोटे बोलायला माझी जीभ अजून शिकलेली नाही. आई तुझी आहे, म्हणून हे तू ठरव. हळद बावीस तारखेला, रविवारी आहे. तू ये. नाही येणार असशील तरी एक शब्द उलट टपाली लिहून पाठव, गुडाखू किंवा तांदूळ. तू लिहिशील तेच मी बोलेन.

तुझीच,
चंद्रकांता