अप्पांचे उघडे डोळे

बसवंत अण्णा,

रागात लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

नांदेडला मी जुने फोटो तपासून खरे-खोटे सांगते, हे तुला माहीत हाय. परवा एका संग्राहकानं उदगीरच्या बंद पडलेल्या स्टुडिओतले फोटो आणले. त्यात आपले अप्पा निघाले. देवणीच्या घरात भिंतीला टेकून बसलेले, कपाळावर विभूती, डोळे उघडे. हाच फोटो तू बैठकीत लावलास. एकोणतीस वर्षं येईल त्या पाहुण्याला सांगितलंस, "संध्याकाळी काढलाय. मंजू येईल म्हणून दाराकडं बघत बसले होते. हिलाच वेळ न्हाई मिळाला."

दर वेळी मी मान खाली घातली.

काल तो भिंगाखाली धरला. डोळे कुंचल्यानं काढलेत, अण्णा. रंगाखाली पापण्या मिटलेल्याच हायत. आपल्यात गेलेल्या माणसाला सजवून बसवतात, तसं त्यांना बसवलं होतं. आणि ऊन दारातून थेट मांडीवर आलंय. आपलं दार पूर्वेला. म्हणजे फोटो सकाळचा.

संग्राहकाला मी लिहून दिलं: मृत्यूनंतरचा फोटो, डोळे मागाहून रंगवलेले. खाली सही केली.

हे पत्र तुला पाठवणार न्हाई. तू नवं काहीतरी सांगशील आणि मी पुन्हा ऐकून घेईन. फक्त एवढं लिहून ठेवते. "अप्पांना बरं न्हाई, लवकर निघ," हा तुझा फोन मला त्या दिवशी दुपारी दोनला आला होता.

वेळेत निघालेली,
मंजुश्री