रोपांचा दिवा, हातभर वर

केडगाव, बुधवार, संध्याकाळ

टोमॅटोची रोपं आज पुन्हा आडवी झाली. दोऱ्यासारखी नुसती उंच वाढली आहेत. रविवारी ती बेलापूरला ताईच्या शेतात लावायची, आणि माझ्या भरवशावर तिने यंदा नर्सरीत रोपं सांगितलेलीच नाहीत.

दोष आत्याचा, असं मी आठवडाभर धरून चाललो होतो. दिवेलागण झाली की ती रोपांच्या ट्रेवरचा एलईडी दिवा बंद करते. आज बटणावर हात असतानाच पकडली.

"आत्या, अगं त्यांना अजून चार तास उजेड हवा."

"तिन्हीसांजेला झाडं झोपत्यात, बाळ्या. तुळशीला हात लावू नको, असं तूच सांगितलं हुतंस."

सांगितलं होतं. वर श्लोकही म्हटला होता. संस्कृत शिकलेल्याने घरात जरा कमी बोलावं.

"आन् दिवा एवढा वर का टांगलास? रोपं माना ताणून दमली."

दिवा हातभर वर होता, कारण तिथून उजेड माझ्या खुर्चीवरही पडायचा. एकाच दिव्यात रोपं आणि वाचन, ही माझी हुशारी. आठवडाभर आत्याला बोल लावला, पण दिवा काही खाली घेतला नाही.

आता तो रोपांपासून वीतभरावर आणलाय. हे पान ट्रेशेजारी, जमिनीवर बसून लिहितोय.

ताईला फोन करून म्हटलं, नर्सरीत विचारून ठेव. तिने कारण विचारलं. आत्या समोरच बसली होती, त्यामुळे खरं सांगावं लागलं.