माधवाने दिलेली संथा

प्रिय श्रीनिवास,

तुझा निरोप पोचला. यज्ञेश्वराला उद्या सकाळपर्यंत पाठशाळेतून काढा, नाहीतर आपण येऊन माधवाला घरी नेऊ. 'आपण' म्हणजे तू. सरकारी दफ्तरात बसायला लागल्यापासून बालमित्रालाही तू हुकूमच धाडतोस, चालायचंच. तुझ्या लेकाच्या कपाळाला खोक पडली, तुझा संताप मला कळतो. जखम मी स्वतः हळद भरून बांधली, आता ती भरते आहे.

यज्ञेश्वराचा अपराध मी झाकत नाही. माधव बोलताना अडखळतो, त्याची त्याने सगळ्यांदेखत नक्कल केली, आणि माधव अंगावर धावला तेव्हा त्याला पायरीवर ढकललं. पण काढून पाठवू कुठे? आई नाही, बाप फौजेबरोबर कर्नाटकात. पेठेतल्या हौदावर टवाळक्या करत बसेल आणि ती नक्कल तेवढी पक्की करेल. म्हणून मी दुसरी शिक्षा दिली. रोज सकाळी त्याने माधवासमोर मांडी घालून बसायचं आणि संथा घ्यायची, तीही माधवाकडूनच.

संथेची रीत तू विसरला नसशील. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा, आणि गुरूचं पुरं होईपर्यंत शिष्याने तोंड उघडायचं नाही. पहिल्याच दिवशी माधव दुसऱ्या शब्दावर अडला. सगळी पाठशाळा यज्ञेश्वराकडे बघत होती. त्याचे ओठ हलले, माझा हात छडीकडे गेला. खरं सांगतो, मला भीती वाटली. पण त्याने मान खाली घातली आणि तो थांबला. माधवाचा शब्द निघाला तेव्हा त्याने तो दोनदा म्हटला, नीट, अडखळण्याची नक्कल न करता. काल मात्र त्याला हसू फुटलं. माधवाने त्याला सगळी संथा पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावली. तुझा लेक इतका कडक होऊ शकतो हे मलाही ठाऊक नव्हतं.

उद्या तू येणारच, म्हणून हे लिहितो आहे. तुझा निरोप मी माधवाला सांगितला. संथा पुरी झाल्याशिवाय मी उठणार नाही, म्हणाला. एवढं म्हणायला त्याला बराच वेळ लागला. तेव्हा आलास की आधी ओसरीवर बस आणि ऐक. तो अडेल. घरी दरवेळी पुरवतोस तसा त्याचा शब्द तू पुरवू नकोस. यज्ञेश्वरसुद्धा पुरवत नाही.

तुझाच,
दीनानाथ