सुधारणेची शक्यता

३ मार्च, मंगळवार

फॉर्म परत आला! चौदा पानं, वर गुलाबी चिठ्ठी — "बालक बहुतांश कामे स्वतः करीत असल्याने अपंग बालक भत्त्याचा अर्ज विचारात घेता येत नाही."

कोणी सांगितलं यांना? मीच. पान सात. "मूल चालू शकते का?" — हो. "कपडे घालू शकते का?" — हो. अहो, "शकते का" असं विचारलंय! भिंत धरून अकरा पावलं टाकते, म्हणजे शकतेच. बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतोय, शब्दाचा अर्थ मला कोणी शिकवू नये.

त्यांच्या छापील मजकुरातल्या नऊ चुकाही लाल पेनाने दुरुस्त करून दिल्या होत्या. त्याबद्दल साधे आभार नाहीत.

४ मार्च, बुधवार

ही कडाडली. "फॉर्म भरायला दिला होता तुम्हाला, तपासायला नाही!"

बरोबर आहे तिचं. पुढच्या महिन्यात हिची बेकरीतली पाळी बदलतेय. मधल्या सुट्टीत सरकारला बाथरूमला न्यायला शाळेत कोण जाणार? सरकार म्हणजे आमची कन्या. वय आठ, जन्मापासून डावा हात आणि दोन्ही पाय ताठ, पण घरात हुकूम तिचाच. मुख्याध्यापिकांनी स्पष्टच सांगितलंय — "मदतनीस ठेवा, नाहीतर तिला घरी ठेवा." भत्ता आला तर मदतनीस. नाही आला तर शाळा सुटली.

घरी ठेवा म्हणे! ठेवायला ती काय पेटी आहे?

फेरअर्जाला तेरा दिवस आहेत. भरणार.

६ मार्च, शुक्रवार

अर्धी रजा टाकून ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईंना "शकणे" आणि "करणे" यातला फरक समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, भाषा नका बघू, मुलगी बघा."

तोंडात मारल्यासारखं झालं.

मागे एक आजी होत्या, नातवासाठी तिसऱ्यांदा आलेल्या. "दादा, यांना वाईटातला वाईट दिवस लिहून द्यायचा. चांगले दिवस आपल्या घरी." कोरा फॉर्म घेऊन आलो.

८ मार्च, रविवार

सकाळपासून घड्याळ आणि वही घेऊन सरकारच्या मागे. पलंगावर उठून बसणे — सहा मिनिटं, माझा हात धरून. पायाचे पट्टे — मी. वेणी — ही. बटण — चाळीस मिनिटं झटली, एकही नाही. मग रडली. मग मला चावली.

हे सगळं आम्ही रोजच करतो. करता करता मोजायचं विसरूनच गेलो होतो. आणि कोणी विचारलं की "जमतं हो तिला" म्हणून मोकळे!

दुपारी लिहायला बसलो. एकवीस प्रश्न, एकवीस "नाही". दहाव्या "नाही"नंतर उठून पाणी पिऊन आलो. पोटच्या पोरीबद्दल असं लिहिताना हात जड होतो. खरं असलं तरी होतो.

ती सरपटत आली. "बाबा, काय लिहितोस?"

"सरकारी कागद."

"मग मला दाखव. सरकार मी आहे."

मी पानावर हात ठेवला. तिला वाचता येतं — मीच शिकवलंय. लाज वाटली.

९ मार्च, सोमवार

फॉर्म दिला. पोच घेतली. शिक्का पुसट होता, पुन्हा मारायला लावला.

१७ मार्च, मंगळवार

तपासणीची तारीख आली — २६. माझा निळा जुना शर्ट कुठे सापडत नाही. हिला विचारलं, तिलाही माहीत नाही. सरकार गालात हसतंय.

२६ मार्च, गुरुवार

काय झालं ते नीट लिहून ठेवतो.

टेबलामागे तिघं, समोर आम्ही तिघं. मधल्या डॉक्टरीणबाईंनी पाय वाकवून पाहिले, हात पाहिला. मग सरकारलाच विचारलं, "बाळ, फ्रॉकचं बटण लावता येतं का गं?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं.

"येतं!"

आणि लागली कामाला. जीभ बाहेर, मान वाकडी, डाव्या हाताची मूठ छातीवर दाबलेली. ही माझ्याकडे बघतेय, मी घड्याळाकडे. चौदा मिनिटं! बटण आत गेलं. "लागलं! बाबाच्या शर्टावर शिकले!"

मी टाळ्या वाजवल्या. तपासणी मंडळापुढे! हात खाली आले तेव्हा कळलं काय करून बसलो ते.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म उलटला. "इथे 'नाही' लिहिलंय तुम्ही."

"लिहिलं तेव्हा येत नव्हतं. आज येतं. खोटं तेव्हाही नव्हतं, आत्ताही नाही. एक बटण, चौदा मिनिटं. फ्रॉकला पाच आहेत, आणि शाळेची मधली सुट्टी वीस मिनिटांची."

त्यांनी काहीतरी लिहिलं. उलटं वाचायची सवय आहे मला, पण अक्षर डॉक्टरचं!

येताना ही म्हणाली, "टाळ्या वाजवल्यात."

"वाजवल्या."

"बरं केलंत."

७ एप्रिल, मंगळवार

पत्र नाही. हिने जुनी पाळी महिनाअखेरपर्यंत मागून घेतली. अपिलाचा फॉर्म आणून ठेवलाय. दोन चुका दिसल्या. अजून तरी हात लावलेला नाही!

१६ एप्रिल, गुरुवार

मंजूर! मदतनीस बाई सोमवारपासून येतील. ही रडली, मी पत्र चारदा वाचलं.

खाली छापलंय — "स्थिती: कायम. पुनर्तपासणी: आवश्यक नाही. सुधारणेची शक्यता: नाही."

लाल पेनाचं टोपण काढलं होतं. परत लावलं. बावीस वर्षांत जाणूनबुजून सोडलेली ही पहिली चूक.

सरकार शेजारीच बसलंय. दुसरं बटण आत्ताच लागलं — नऊ मिनिटं.