तुझ्या आईचं काम

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, तिकडे जाऊन तुम्ही केलंत तरी काय?" आणि मी "काही नाही, बसलो होतो" म्हणून मोकळा झालो. तसं ते खोटंही नव्हतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ताजं, जिना चढताना कुणाचा तरी खांदा हवा, आणि अनोळखी माणसाचा खांदा तिला चालत नाही. म्हणून मी दवाखान्याला कुलूप लावलं, पेशंटांना सांगितलं की दाढा जरा जपून वापरा, आणि निघालो तिच्याबरोबर त्या बोलण्यांना. जन्मभर लोकांना तोंड उघडायला लावणारा मी. तिथे पहिल्याच दिवशी माझ्याकडून सही घेतली की बोलणी संपेपर्यंत आतलं बाहेर बोलणार नाही. आता सगळं जाहीर झालंय, तेव्हा तोंड उघडायला हरकत नाही. खरं सांगू? लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तुझी आई कामावर नेमकं काय करते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ती बॅग भरायची, मी टॅक्सीपर्यंत सोडायचो, आणि परत आली की विचारायचो, "जमलं का?" ती म्हणायची, "थोडं."

आंतरराष्ट्रीय बोलणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर झेंडे आणि फोटो यायचे. प्रत्यक्षात ते होतं गिऱ्हाईक नसलेल्या दिवसांतलं एक हॉटेल. जेवणाच्या हॉलमध्ये लांबलचक टेबल, एका बाजूला मुस्लिम देशांची माणसं, समोर पाश्चात्त्य देशांची, आणि टोकाला अध्यक्ष म्हणून तुझी आई, कारण ती दोन्हींपैकी कुणाचीच नाही. भिंतीलगत काचेच्या खोक्यांत दुभाषी. माझी खुर्ची मागे हीटरपाशी, मांडीवर तिच्या गुडघ्याची गरम पाण्याची पिशवी. विषय होता शाळेची पुस्तकं. आपल्या मुलांना समोरच्यांबद्दल काय शिकवायचं, हे दोघांनी बसून ठरवायचं. ज्या शब्दावर एकमत होत नाही तो मसुद्यात चौकोनी कंसात टाकतात. तीन वर्षं तुझी आई हे कंस काढत होती. एक शब्द सुटला की ती चष्मा कपाळावर सरकवायची, तेवढाच तिचा आनंद. शेवटी एक अख्खा धडा कंसात उरला होता, फार जुन्या एका युद्धाचा. इकडच्या पुस्तकात ती पवित्र मोहीम, तिकडच्या पुस्तकात परक्यांची धाड. युद्ध मात्र एकच.

मला वाटायचं, अध्यक्ष म्हणजे घंटा वाजवणारा माणूस. हिने एकदाही आवाज चढवला नाही. तिचा नियम एकच, पण भलताच अवघड. कुणालाही उत्तर द्यायचं असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. समोरचा "हो, हेच म्हणालो मी" असं म्हणाला, की मग तुमची पाळी. तिथे एक माजी मंत्री होते, पाश्चात्त्य बाजूचे, उंच, खोकला झालेले आणि कायम चिडलेले. ते एकदा वैतागून म्हणाले, "मी काय पोपट आहे?" आई शांतपणे म्हणाली, "पोपटाला समजत नाही. तुम्हाला समजतं, म्हणून तुम्हाला सांगते." समोरच्या रांगेत एक वयोवृद्ध धर्मपंडित बसायचे, सगळे त्यांना शेखसाहेब म्हणत. ते इतके मोठ्याने हसले की दुभाष्याने कानावरचं यंत्र काढलं. मंत्रीही हसले नसतील असं नाही, पण खोकल्यात लपवलं. मी आपला सवयीप्रमाणे जबडे बघत होतो. माणूस काय बोलतो यापेक्षा दात किती आवळतो हे मला लवकर कळतं. पहिल्या दिवशी सगळा हॉल दात आवळून बसला होता. आठवड्याभरात निम्मे जबडे सैल झालेले मी स्वतः पाहिले. अशी ट्रीटमेंट मला आजवर जमलेली नाही.

ही तीच बोलणी, ज्यांच्यापायी ती तुझ्या बाळंतपणाला आली नाही. इथे तू पत्र खाली ठेवशील, मला ठाऊक आहे. ठेवू नकोस. मी तिची वकिली करायला बसलेलो नाही. मी जे पाहिलं तेवढं सांगतो.

शेवटचा आठवडा लागण्याआधीचा शुक्रवार. दुपारचं जेवण उरकून सगळे टेबलाशी येत होते, तेवढ्यात एकाच्या फोनवर बातमी आली, मग सगळ्यांच्याच. तिथून बसने दोनेक तासांवर असलेल्या एका गावात एक माणूस मशिदीत शिरला होता आणि नमाज पढणाऱ्यांवर त्याने गोळ्या झाडल्या होत्या. मेलेल्यांत म्हातारे होते, एक बाप आणि त्याची शाळकरी मुलगीही होती. हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही. मुस्लिम देशांची माणसं एकेक करून उठली, कागद तिथेच ठेवून वर गेली. थोड्या वेळाने जिन्यावरून बॅगा उतरायचा आवाज यायला लागला. पाश्चात्त्य बाजूने घाईघाईने निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं. आईने ते वाचलं आणि म्हणाली, "चांगलं आहे. पण आज ते वाचणार कोण?" मग ती माझ्याकडे वळली, म्हणाली, "खांदा दे," आणि आम्ही जिना चढलो.

शेखसाहेब पलंगाच्या कडेला बसले होते. म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग नाही. पण उद्या त्या गावात दफनविधी आहे, आमची जागा तिथे आहे. इथे बसून धड्यातल्या शब्दांवर वाद घालायला आता तोंड नाही." आई म्हणाली, "तुम्ही जायलाच हवं. आम्ही आलो तर चालेल का?" ते म्हणाले, "ते मी कोण सांगणार? घरच्यांना विचारा." मग तिने कुठून कुठून नंबर मिळवून त्या मशिदीच्या इमामांना फोन लावला. ठमे, मी शेजारी उभा होतो. तिने संस्थेचं नाव सांगितलं नाही, हुद्दा सांगितला नाही. म्हणाली, "आम्ही काही माणसं आहोत. कॅमेरे आणणार नाही, भाषण करणार नाही, मागे उभे राहू. घरच्यांची हरकत असेल तर येणार नाही आणि वाईटही वाटून घेणार नाही." अर्ध्या तासाने उलट फोन आला: या.

खरी अडचण पुढेच होती. तिने खाली येऊन हे सांगितल्यावर बाकीचे तयार झाले, पण माजी मंत्री ताडकन उठले. त्यांचा जबडा मला हॉलच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होता. म्हणाले, "माझा भाऊ रेल्वे स्टेशनवरच्या स्फोटात गेला. यांच्याच धर्माचं नाव घेऊन केला होता तो. त्याच्या मयताला यांच्यातलं कोण आलं होतं?" ते या बोलण्यांना का आले आणि कायम चिडलेले का असत, हे तेव्हा कुठे आम्हाला कळलं. मला वाटलं, आता आई त्यांची समजूत काढेल, दोन दुःखांची तुलना करू नका वगैरे म्हणेल. मी असतो तर तेच म्हणालो असतो. ती म्हणाली, "तुमचा प्रश्न बरोबर आहे. मी तो जसाच्या तसा वर नेऊन विचारू का?" मंत्र्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. ती पुन्हा माझा खांदा धरून जिना चढली. गुडघा ठणकत होता हे तिच्या बोटांच्या पकडीवरून मला कळत होतं. शेखसाहेबांच्या दारात उभं राहून तिने तो प्रश्न विचारला, एक शब्द कमी नाही की जास्त नाही, आणि वर स्वतःचं काही जोडलं नाही.

शेखसाहेबांनी डोळे मिटले. मग काठी घेतली आणि स्वतःच खाली निघाले. मंत्री हॉलमध्ये खिडकीशी पाठमोरे उभे होते. शेखसाहेब त्यांच्यामागे थांबले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी माझ्या घरी बसून निषेधाचं पत्रक लिहिलं. फार सुंदर भाषेत लिहिलं. मी यायला हवं होतं. तुमच्या भावाचं नाव काय?" मंत्र्यांनी नाव सांगितलं. शेखसाहेबांनी ते तीनदा म्हणून बघितलं, उच्चार नीट जमेपर्यंत. एवढंच झालं. गळाभेट नाही, रडारड नाही. मंत्री म्हणाले, "उद्या बस किती वाजता आहे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. कबरस्तान गावाबाहेर, एका शाळेच्या मैदानामागे. आम्ही कबूल केल्याप्रमाणे मागे उभे राहिलो, मी गरम पाण्याची पिशवी कोटात लपवून. त्या मुलीची पेटी एवढीशी होती. ती खांद्यावर घेऊन माणसं चालत होती, आणि एकजण थकला की दुसरा पुढे येऊन खांदा देत होता. पेटीला खांदा दिलेला एक म्हातारा, मुलीचा आजोबा असावा, आमच्या जवळून जाताना अडखळला. सगळ्यांत जवळ होते ते आपले मंत्री. त्यांनी आधी इमामांकडे पाहिलं. इमामांनी मान हलवली. मग मंत्र्यांनी त्या म्हाताऱ्याला एका हाताने सावरलं आणि दुसऱ्या खांद्यावर ती पेटी घेतली, थेट कबरीपर्यंत. कुठल्याही पेपरात याचा फोटो नाही. आई म्हणाली होती ना, कॅमेरे नाहीत. माझ्याकडे मात्र तो फोटो कायमचा आहे.

सोमवारी कुणीच गेलेलं नव्हतं. बॅगा पुन्हा वर गेल्या होत्या. त्या धड्याचं शेवटी काय ठरलं ते तू वाचलंच असशील. डाव्या पानावर एका बाजूची हकीकत, उजव्या पानावर दुसरीची, आणि खाली मुलांना प्रश्न, की तुम्ही तेव्हा तिथे असतात तर तुम्हाला कशाची भीती वाटली असती? कुणीतरी म्हणालं, मुलं गोंधळतील. आई म्हणाली, "वाचू द्या दोन्ही. मुलं आपल्याएवढी घाबरट नसतात." शेवटचा कंस निघाला तेव्हा टाळ्या झाल्या नाहीत, कारण मंत्र्यांना खोकल्याची उबळ आली होती आणि शेखसाहेब त्यांना पाणी देत होते. हिने चष्मा कपाळावर सरकवला. पेपरांत चार ओळी आल्या. या धड्याने जग बदलेल असं ती म्हणत नाही, मीही म्हणत नाही. काही देशांत तर तो शाळांपर्यंत पोचणारसुद्धा नाही. पण तीन वर्षं ज्या बाईने कुणालाही उठून जाऊ दिलं नाही, ती माझी बायको आहे, आणि मला हे इतक्या उशिरा कळलं, याचं मला हसू येतं. परतीच्या विमानात मी तिला म्हटलं, "तुझ्याएवढं मोठं माणूस मी पाहिलेलं नाही." ती म्हणाली, "झोप जरा, तुझं ब्लडप्रेशर वाढलंय."

आणि तू म्हणशील, बाबा, एवढं पाल्हाळ कशासाठी? ठमे, कबरस्तानातून परत येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मी जायला हवं होतं." मला वाटलं, शेखसाहेबांचंच वाक्य घोळतंय तिच्या डोक्यात. मी म्हटलं, "गेलोच की आपण." ती म्हणाली, "तिथे नाही रे. तिच्याकडे. तिला कळा येत होत्या आणि मी विमानात होते." बाळ दोन वर्षांचं होत आलं, ठमे. मी येतो, त्याला खांद्यावर बसवतो, घरी जाऊन सगळं सांगतो, आणि ती प्रत्येक वेळी तेच तेच विचारते, दात किती आले, हसताना डोळे मिटतो का, "आजी" शब्द कुणी शिकवलाय का. हे पत्र मी तुमच्या स्टेशनसमोरच्या लॉजमधून लिहितोय. ती शेजारच्या पलंगावर बसून शाल घडी करते, पुन्हा उलगडते, पुन्हा घडी करते. नातवासाठी खेळणं घेऊ म्हटलं, तर म्हणाली, "नको. लाच वाटेल." जगभरच्या हट्टी लोकांना ती सामोरी गेली, पण तुझा नंबर लावायला तिचा हात धजत नाही. म्हणून हे पत्र मी आज संध्याकाळी तुमच्या पत्रपेटीत टाकणार आहे. उद्या सकाळी मी एकटाच येऊन बेल वाजवीन. तू नाही म्हणालीस तर मी चहा घेऊन, बाळाला भेटून निघेन, आणि तुला एका शब्दाने बोलणार नाही. तिनेही तसं वचन दिलंय. पण तुझं मन झालं, तर खिडकीतून नुसता हात कर. समोरच्या बागेतल्या बाकावर ती बसलेली असेल.

तुझाच, आणि तिचाही,
बाबा