काचेची काठी

बाबा,

परवा मी एका कधीच्या मेलेल्या अमेरिकन पुढाऱ्यासाठी भांडले. रिटायर झाल्यापासून आठवड्यातून दोन दिवस मी न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या छोट्या म्युझियममध्ये लोकांना वस्तू दाखवते. हा पुढारी गेल्या शतकातला. इथल्याच कारखान्यात नळीने काच फुंकून बाटल्या करायचा. पुढे कामगारांनी निवडून दिलं आणि गडी थेट वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये जाऊन बसला. सभेत उभा राहिला की आधी भाजलेले तळवे दाखवायचा, मग बोलायचा, असं जुन्या कात्रणांत आहे. आणि त्याच्या कपाटातल्या कार्डावर काय? 'काचेचे व्यापारी'! शेजारी त्याची हिरव्या काचेची काठी, तिच्या कार्डावर 'मानाची भेट'.

"भेट कसली? ही त्यानेच केलीय," मी म्हटलं. म्युझियम सांभाळणारी मुलगी आपल्यातलीच, मराठी, पण इथे जन्मलेली. "मावशी, त्यांच्या फॅमिलीने तसंच लिहून दिलंय. प्लीज, सीन नको ना!" सीन? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी मला भांडायला नाही शिकवलं, पण खोटं खपवून घ्यायलाही नाही. दुसऱ्या दिवशी तुमचं काचेचं बदक घेऊन गेले. काचकारखान्यातली तुमची पाळी संपल्यावर भट्टीत उरलेल्या काचेतून तुम्ही माझ्यासाठी केलेलं, तसंच बाटलीच्या हिरव्या रंगाचं. त्याच्या पोटाखाली नळीवरून तोडल्याची खरखरीत खूण आहे, अगदी तशीच काठीच्या टोकाला. मानाची भेट कोणी ती खूण न घासता देतं का? "ओ माय गॉड, सेम आहे!" मुलगी ओरडली. आज नवं कार्ड लागलं: 'काच फुंकणारा कामगार'. मी तीनदा वाचलं.

वाचताना मी पुन्हा सातवीत आहे. तुम्ही शाळेत आला आहात आणि सिस्टर तुम्हाला 'मॅनेजरसाहेब' म्हणतात, कारण मी तसं सांगून ठेवलंय. तुम्ही हसून "येस, सिस्टर" म्हणता. घरी जाताना एवढंच बोललात, "मॅनेजरचे गाल असे फुंकून सैल झालेले पाहिलेत का कधी, बाईसाहेब?" आणि दुसऱ्या दिवशी ते बदक माझ्या हातात ठेवलंत.

पुढाऱ्याच्या वारसांबद्दल मी नाही नाही ते बोलले. पण माझी लेक अजून सगळ्यांना सांगते की तिचे आजोबा मॅनेजर होते. मीच सांगितलंय तिला. रविवारी ती जेवायला येतेय. बदक टेबलावर काढून ठेवलंय. तिला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे हे तोंडानेच सांगावं लागणार, म्हणून पहिलं वाक्य आत्तापासूनच घोकतेय: तुझे आजोबा काच फुंकायचे.