मेजर की रेल्वेचा गार्ड?

३ जानेवारी १९८८, मिल्टन कीन्स
संकल्प: यंदा पुस्तक. विषय, मेजर लोथार विंकेलहोफ. जर्मन आर्मी, रशियाची आघाडी, शौर्यपदक वगैरे. जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डची फोटोकॉपी मिळाली. एवढी मेडल्स सरळ मार्गाने कोणाला मिळतात? भानगड असणारच. रोज पहाटे पाच ते सात लेखन.

४ जानेवारी
पावणेआठला उठलो. पाचचं उन्हाळ्यापासून बघू.

२४ जानेवारी, दुपारी
सापडलं! १९४१ साली साहेबांचा हुद्दा 'त्सुगफ्यूरर'. टूरिस्ट डिक्शनरीत 'त्सुग' म्हणजे ट्रेन. म्हणजे हा रेल्वेचा गार्ड! पुढे 'र‍्युकत्सुग'. 'र‍्युक' म्हणजे परत. परतीची ट्रेन! पठ्ठ्या लढाई सोडून ट्रेनने घरी आला आणि वर मेडल घेतलं. इतके इतिहासकार काय झोपा काढत होते?

२६ जानेवारी
सुप्रभा दर मंगळवारी जर्मनच्या ईव्हिनिंग क्लासला जाते. म्हणाली, अहो, एका शब्दाचे दोन अर्थ असतात, आमच्या टीचरना विचारू का? नको म्हटलं. पुण्यात मी जर्मनची अख्खी टर्म केली आहे. परीक्षेच्या वेळी कावीळ झाली, त्याला मी काय करणार?

७ फेब्रुवारी
जर्मनीतल्या माजी सैनिकांच्या संघटनेकडून मेजरचा पत्ता मिळवला. हॅम्बुर्ग, वय ७४. खरमरीत इंग्लिश पत्र टाकलं: आपण गार्ड होतात हे कबूल करा. मुदत चौदा दिवस.

१३ फेब्रुवारी
इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी यादवराव यांनी माझं लेक्चर ठरवलं. २६ मार्च. तासभर मागितला, वीस मिनिटं दिली. स्वतः गेल्या वर्षी स्वित्झर्लंडच्या १४० स्लाइड्स दाखवल्या, त्यातल्या नव्वदांत आल्प्सच्या पुढे यांची बायको.
पुस्तकाची पानं: चार. त्यात अर्पणपत्रिका धरली आहे.

२१ मार्च
हॅम्बुर्गहून जाड पाकीट. घाबरला! सुप्रभा म्हणाली, उघडा तरी. मुळीच नाही. स्टेजवर उघडणार. सगळ्यांसमोर कबुली.

२६ मार्च, संध्याकाळी
लेक्चर झालं. परतीच्या ट्रेनला हॉल खदखदून हसला. मग पाकीट फोडून मीच यादवरावांच्या हातात दिलं, मोठ्याने वाचा म्हटलं.
मेजर लिहितो: 'त्सुग' म्हणजे ट्रेन, तसंच सैनिकांची प्लटूनही. मी प्लटूनचा प्रमुख होतो. 'र‍्युकत्सुग' म्हणजे माघार. ती आम्ही बर्फातून पायी घेतली, एकोणीस दिवस. चाळीस निघालो, नऊ पोचलो. मेडल त्याबद्दल मिळालं. ज्यांच्यासाठी लढलो त्यांचा मला अभिमान नाही, म्हणून ते मी कधी लावत नाही. उरलेल्या एकतीस जणांची नावं सोबत जोडली आहेत, पुस्तकात घालता आली तर पाहा. आपण म्हणता तशी ट्रेन असती, तर फार बरं झालं असतं.
यादवरावांनी एकतीसही नावं वाचली. अडखळत, पण एकही गाळलं नाही. आभार मानायला कोणी उठलं नाही.
गाडी सुप्रभाने चालवली. घरी आल्यावर म्हणाली, आधी त्यांना माफीचं पत्र लिहा, मग जेवा.
दोन खर्डे केले. दोन्ही फाडले. दोन्हींत शेवटी मीच बरोबर निघत होतो.